धोंडूमामा वकील पारखतात

धोंडूमामा दवाखान्यात गेले की आधी ते डॉक्टरला तपासायचे, मग डॉक्टर त्यांना. कर्जतच्या बाजारात नवा दवाखाना निघाला तेव्हा मामा खोकला घेऊन तिथं गेले. खुर्चीत बसण्याआधी त्यांनी चष्मा पुसला आणि भिंतीवरच्या चौकटीतलं सर्टिफिकेट वरच्या ओळीपासून खालच्या सहीपर्यंत वाचलं. इंग्रजी त्यांना ओ की ठो येत नव्हतं, पण "शिक्का कळतो ना" असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी विचारलं, "डाक्तर, रोज सकाळी मिरचीचा ठेचा खाल्ला तर खोकला जाईल ना?" तरुण डॉक्टर दचकून म्हणाले, "अजिबात नाही." मामांचा चेहरा खुलला. ते खुर्चीत टेकले आणि सदऱ्याची बटणं सोडू लागले.

ही परीक्षा मामा रेल्वेत शिकले. घाट चढायच्या आधी गाडी कर्जतला थांबते, मागं जादा इंजिन लागतं, आणि तेवढ्या वेळात एक माणूस लांब दांड्याचा हातोडा घेऊन डब्याडब्याची चाकं ठोकत जातो. तो माणूस म्हणजे धोंडूमामा. चाक खणखणीत वाजलं तर धड, बद्द वाजलं तर कुठंतरी तडा. गार्ड, ड्रायव्हर, पहिल्या वर्गातले शेठजी, सगळे यांच्या मान हलवण्यासाठी खोळंबलेले. जन्मभर एवढा मान मिळाल्यावर माणूस नुसत्या चाकांवर कसा भागवेल? निवृत्त होताना हातोडा सरकारजमा झाला, ठोकायची खोड तेवढी घरी आली.

माणूस ठोकून बघायची त्यांची रीत साधी होती. ज्याचं उत्तर 'नाही' असायला हवं असा प्रश्न टाकायचा आणि ऐकत राहायचं. "ज्याला नाय म्हनता येत नाय, तो मानूस बद्द," हा त्यांचा सिद्धांत. एकदा माथेरानला गेले असताना त्यांनी घोडेवाल्याला विचारलं, "तुझा घोडा कायम गरीब ऱ्हातो ना रं?" तो म्हणाला, "कायम, काका." मामा रिकिबीतून पाय काढून खाली उतरले. असे पाच घोडे नापास झाले. सहावा घोडेवाला कंटाळून म्हणाला, "नाही हो, बिथरतो की. माकड आडवं आलं की मला पण पाडतो." मामा आनंदानं त्या घोड्यावर बसले. घोड्यानं त्यांना खरोखरच पाडलं, पण मामांची तक्रार नव्हती. माणूस खरं बोलला होता.

मी कर्जतला लागून असलेल्या दहिवलीत त्यांचा शेजारी, शाळेत इंग्रजी आणि भूगोल शिकवणारा. नवा आलो तेव्हा मलाही त्यांनी ठोकलं होतं. "मास्तर, तुमच्या हाताखाली समदी पोरं पास होतील ना?" मी तेव्हा नोकरीच्या उत्साहात होतो. म्हणालो, "सगळीच्या सगळी." पुढची दोन वर्षं मामा माझ्याशी पाऊसपाण्यापलीकडे एक शब्द बोलले नाहीत. मॅट्रिकचा निकाल बघून मी जमिनीवर आलो, तेव्हा कुठं त्यांच्या ओटीवर मला चहा मिळू लागला.

मामांच्या घरात त्यांचा भाचा सुधाकर आणि त्याची बायको सुमन. सुधाकरचा बाप तो जन्मायच्या आधीच गेला, आई तो चार वर्षांचा असताना. मामींना मूल झालं नाही आणि पुढं त्याही गेल्या. म्हणजे दोघं पुरुष एकमेकांना धरून राहिलेले. सुधाकरसाठी सुमनचं कळंबचं स्थळ आलं तेव्हा मामा मुलीच्या घरी गेलेच नाहीत. ते कळंबच्या पिठाच्या गिरणीत तीन तास बसले. "मुलगी कशी ते तिच्या घरी कळत नाय मास्तर, गिरनीत कळतं. दळन घेऊन आलेली बाई खोटं बोलत नाय, तिला घाई असते." सुमनसारखी मुलगी मिळाली म्हटल्यावर मामांची गिरणीवरची श्रद्धा अढळ झाली.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. सुधाकर खोपोलीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये डाय, म्हणजे धातूचे साचे, बनवायचा, आणि फार सुबक बनवायचा. त्याच्या पाळीतला एक जण कॅनडाला गेला आणि सुधाकरच्याही डोक्यात कॅनडा शिरला. तिकडं म्हणे कसबी माणसाला गुण देऊन घेतात. वयाचे, शिक्षणाचे, हातातल्या कामाचे, भाषेचे. गुण पुरेसे भरले तर कायमचं राहायला बोलावतात. ही बातमी फुटल्यावर दहिवलीत ज्यानं पुण्यापुढं पाऊल टाकलं नव्हतं तोही सल्लागार झाला. न्हाव्याच्या मते अर्ज हिरव्या शाईनं लिहायचा असतो. पोस्टमनच्या मते साहेबाला हापूसची पेटी पोचली की काम होतं. सुधाकर गोंधळला आणि म्हणाला, "मामा, एखादा जाणकार बघून देशील का?" सबंध तालुक्यात याहून योग्य माणूस नव्हता. मामा म्हणाले, "बघू. आदी ठोकून बघू."

इंग्रजी वाचायला म्हणून मला बरोबर घेतलं होतं. पहिला एजंट खोपोलीच्या लॉजवर उतरलेला. सफारी सूट, टेबलावर पृथ्वीचा गोल, भिंतीवर बर्फाच्या डोंगराचं कॅलेंडर. बोलणं असं गुळगुळीत की मी स्वतःच जायचा विचार करू लागलो. "शंभर टक्के हमी," तो म्हणाला. "वर माझी ओळख आहे." मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि भोळा चेहरा करून विचारलं, "आन तिकडं भात कसा पिकतो?"

"भात? भरपूर, काका. वर्षाला दोन पिकं."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी भूगोलाचा मास्तर, त्या बर्फाच्या मुलखात भात पिकत नाही हे मला ठाऊक. मला खाली बघावं लागलं. जिन्यातच मामा म्हणाले, "बद्द." पुढं दोन महिन्यांनी तो एजंट पृथ्वीच्या गोलासकट नाहीसा झाला आणि खोपोलीतले अकरा जण पासपोर्ट शोधत लॉजवाल्याच्या दारात बसले.

दुसरा नेरळला भेटला. त्यानं फॉर्मवर सुधाकरचा धंदा 'इलेक्ट्रिशियन' लिहिला. त्याला म्हणे तिकडं जास्त मागणी. "याला फ्यूज घालता येत नाय," मामा म्हणाले. एजंट म्हणाला, "तिकडं कोण बघतंय?" मामा उठले. "तू नाय बघत, ते दिसतंय," म्हणाले आणि फॉर्म घडी घालून खिशात टाकला.

तिसऱ्या पनवेलच्या वकीलबाई. मुंबईला परदेशगमनाची प्रकरणं बघणाऱ्या एका वकिलाच्या हाताखाली त्यांनी सहा वर्षं काढली होती. भिंतीवर सनद, तिच्यावर नंबर, मामांना कळणारा शिक्का. बाईंचा आवाज रुक्ष, चेहरा त्याहून रुक्ष. त्यांनी सुधाकरला अर्धा तास प्रश्न विचारले आणि कागदावर गुण मांडले. "काठावर आहात. हमी देणार नाही, कोणी देत असेल तर त्याच्याकडं जाऊ नका. निर्णय तिकडचं सरकार घेतं, मी नाही. कारखान्याकडून कामाचं सविस्तर पत्र आणा, 'चांगला मुलगा आहे' एवढं लिहून चालणार नाही. आणि दिवाळीनंतर तुमचं वय एका वर्षानं वाढतंय. एक गुण जाईल. मग अर्ज करण्यात अर्थ नाही."

आणखी एक अडचण होती. सुधाकरच्या जन्माची नोंद असलेली गावची वही वाळवीनं खाल्ली होती. त्यासाठी जन्म प्रत्यक्ष माहीत असलेल्या वडीलधाऱ्या माणसाचं प्रतिज्ञापत्र लागणार होतं. असा जिवंत माणूस एकच, तो म्हणजे मामा.

मी म्हटलं, झालं काम. पण मामा म्हणाले, "चौकशी करतो." दुसऱ्या दिवशी ते दोन किलो तांदूळ पिशवीत घालून एसटीनं पनवेलला गेले आणि वकीलबाईंच्या आळीतल्या गिरणीत नंबर लावून बसले. दहिवलीचा तांदूळ पनवेलला दळला गेला, इतिहासात बहुधा पहिल्यांदाच. गिरणीतल्या बायकांनी एकमुखानं सांगितलं, बाई सरळ आहेत. सख्ख्या दिरालासुद्धा खोटा कागद करून दिला नाही, म्हणून दीर बोलत नाही. याहून मोठं प्रशस्तिपत्र मामांच्या लेखी असूच शकत नव्हतं.

तरी मामांनी बाईंना नापास केलं. का, तर त्यांच्या कचेरीतलं घड्याळ पाच मिनिटं मागं. आम्ही घड्याळाचं काही नसतं म्हणालो, तर मामा म्हणाले, बाईंनी चहा दिला नाही. मी आठवण करून दिली की चहा दिला होता. "मंग त्येच. चहा पाजनारा वकील लांबन लावतो." गणपती आले, गेले. पितृपक्षात असली कामं करत नाहीत. नवरात्रात मामांचा गुडघा धरला. अगदी पनवेलची एसटी लागायच्या वेळेला धरायचा आणि ती सुटली की सुटायचा.

सुधाकर शेवटी भडकला. "मामा, तू फुकट माझं वय घालवतोस. प्रतिज्ञापत्र द्यायचं नसंल तर तोंडावर सांग."

"देनार नाय आसं मी म्हनलो का?"

"मंग चल उद्या."

"उद्या मंगळवार हाय."

सुमन आतून पाणी घेऊन आली, दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि तांब्या ठेवून गेली. सुधाकर चप्पल घालून कामावर निघून गेला. मला मामांचा मनस्वी राग आला. तालुक्याला शहाणपण शिकवणारा हा म्हातारा घरच्या पोराची वाट अडवून बसला होता, आणि वाट अडवायला त्यानं आपलं शहाणपणच वापरलं होतं.

मी ओटीवर त्यांच्यासमोर बसलो आणि म्हटलं, "मामा, खरं सांगा. बाईंमध्ये खोट काय आहे?"

मामांनी तांब्या स्वतःकडं ओढला. मग म्हणाले, "खोट नाय मास्तर. बाई खनखनीत हाय. गिरनीत गेलो त्याच दिशी कळलं."

"मग?"

"दळन घेऊन मी त्यांच्याकडं परत गेलो व्हतो. एकलाच. इचारलं, बाई, त्या अर्जात म्हाताऱ्या मामाचं नाव घालता येतं का? म्हनाल्या, नाय. बायको येते, पोरं येतात, मामा बसत नाय. आसं तोंडावर म्हनाल्या." मामांनी धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं. "त्या लॉजवरच्या एजंटाला इचारलं आसतं तर म्हनला आसता, घाला की काका, तुमी पन चला."

मामा पुढं म्हणाले, "वाटलं, समदी बद्द निघू देत. मंग पोरगा जायचा नाय, आन मी आडवलं आसं बी व्हायचं नाय. ही बाई मधीच धड निघाली."

मी त्यांना पनवेलला जायला सांगितलं नाही, थांबायलाही नाही. तेवढी अक्कल मला एव्हाना आली होती. संध्याकाळी सुधाकर कामावरून आला तेव्हा मामा धुतलेला सदरा घालून बसले होते. "उद्या पयली एसटी," एवढंच म्हणाले. मंगळवारचं कोणी काढलं नाही.

पनवेलला वकीलबाईंनी कारखान्याचं पत्र तपासलं, ते बरोबर होतं. मग प्रतिज्ञापत्राचा मजकूर त्या टायपिस्टला इंग्रजीत सांगू लागल्या आणि मामांसाठी एकेक वाक्य मराठीत वाचू लागल्या. सुधाकरचा जन्म माझ्या राहत्या घरी, मी तिथं हजर असताना झाला. त्याची तारीख मला खात्रीनं माहीत आहे. वर लिहिलेलं सगळं खरं आहे.

"आता इथं सही करा," बाई म्हणाल्या.

मामांनी पेन हातात घेतलं, पण कागदावर टेकवलं नाही. "आनखी लिवा बाई. चार वर्सांचा व्हता तवापासून मी वाडवला. त्याला वांगं चालत नाय. ताप आला का बडबडतो, तवा कपाळावर हात ठेवावा लागतो. मंग निजतो."

सुधाकर पस्तीस वर्षांचा, डायवर केसाएवढा फरक पकडणारा कारागीर. तो खिडकीबाहेर बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते.

"मामा, याची जरूर नाही," वकीलबाई म्हणाल्या. "त्यांना फक्त तारीख पाहिजे."

"तारीख दिली की," मामा म्हणाले. "पन कुनाचं पोर नेतात, ते त्यांना कळाय नको?"

बाईंनी टायपिस्टला मशीनमध्ये नवा कागद चढवायला सांगितला आणि खुर्ची मामांच्या बाजूला ओढली.

"सांगा," त्या म्हणाल्या. "सावकाश सांगा."