गद्रे उत्तर देतात

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या गद्र्यांना काही विचारलं, की ते आधी तुमचंच वाक्य तुम्हाला परत देत.

"गद्रे, पाणी आलं का हो?" मी जिन्यातून ओरडायचो.

"'पाणी आलं का', असं तुम्ही विचारलंत," वरून आवाज यायचा. "त्यावर माझं म्हणणं : आलं, पण गढूळ आहे."

एकदा बाजारात मी त्यांच्यासोबत होतो. ते भाजीवालीला म्हणाले, "'मेथी घ्या, कवली हाय', असं तू म्हणालीस. त्यातलं 'घ्या' सोडून देऊ. 'कवली हाय' याबद्दल मला शंका आहे."

"सायेब, घ्यायची नाय तं नाय," ती म्हणाली. "माजं बोलनं कशाला चिवडता?"

ही खोड संगणकातून आली होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पनवेलात दोन-चार घरांत फोनच्या तारेवरून इंटरनेट कुरकुरायला लागलं होतं. निवृत्त, अविवाहित गद्र्यांनी फंडाच्या पैशांतून संगणक घेतला आणि गावोगाव पांगलेल्या पनवेलकरांचा ई-मेलचा गट काढला. एकानं लिहिलं की सगळ्यांना पोचायचं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची, पण शिस्त गद्र्यांची. उत्तर देताना समोरच्याचं नेमकं लागेल तेवढंच वाक्य वर ठेवायचं, बाकीचं छाटायचं, आपलं खाली लिहायचं. विषय बदलला की मथळा बदलायचा. एकट्याला सांगायचं ते सगळ्यांना धाडायचं नाही.

हे नियम पुढे त्यांच्या अंगात भिनले. आमच्याकडच्या सत्यनारायणाला त्यांनी माझ्या बायकोला कोपऱ्यात बोलावून कुजबुजत सांगितलं, "शिऱ्यात साखर कमी आहे. हे खाजगी उत्तर समजावं."

"बरं झालं यांचं लग्न झालं नाही," ती नंतर म्हणाली. "मुलगी 'हो' म्हणाली असती, तर हे तिच्या 'हो'मधलं काय छाटू ते बघत बसले असते."

मीही त्या गटात होतो. ऑफिसच्या संगणकावर सगळं वाचायचो, पण स्वतः एक ओळ कधी लिहिली नाही. लोक आठवणी काढत, आजारपणं सांगत, आणि मी दाराआडून ऐकल्यासारखा ऐकत बसे. त्याचं मला ओझं वाटायचं. पण आपण काय लिहिणार, असं म्हणून मी गप्पच राहायचो.

गप्प न राहणारा एक होता. पद्माकर म्हात्रे. मूळचा मोरा बंदरावरचा, शाळेसाठी पनवेलला मामाकडे राहिलेला, आता मस्कतला नोकरीला. आलेल्या प्रत्येक पत्राला त्याचं उत्तर एकच : "बेस हाय." वर तेवढं, आणि खाली मूळ पत्र जसंच्या तसं. गद्रे त्याला समजावून थकले होते. समजावण्याच्या पत्रालाही "बेस हाय" आलं होतं.

मग तो प्रकार घडला. गटात आठवडाभर कैरीच्या लोणच्यावर वाद चालला होता. त्यातच अमेरिकेतल्या सुधीर कर्व्यानं लिहिलं, की पनवेलला त्याचे वडील गेले आणि त्याला येता येत नाहीये. बिचाऱ्यानं हाताशी होतं ते पत्र उघडून त्यालाच उत्तर म्हणून लिहिलं होतं. मथळा तोच राहिला : कैरीचं लोणचं. तासाभरात मस्कतहून उत्तर आलं. "बेस हाय."

गटात आग लागली, ती चार दिवस विझेना. पद्माकरला काढा, नाहीतर आम्ही जातो, असं बहुतेकांनी कळवलं. मी गावात होतो म्हणून गद्र्यांकडून निर्णय घ्यायचं काम माझ्यावर आलं.

संध्याकाळी वर गेलो, तर गद्रे चपला घालत होते. काखेत छापलेल्या कागदांची गुंडाळी.

"गद्रे, पद्माकरला काढताय ना?"

पहिल्यांदाच त्यांनी माझं वाक्य परत दिलं नाही. "चला माझ्याबरोबर," एवढंच म्हणाले.

रिक्षा तळ्यापलीकडच्या एका जुन्या चाळीपाशी थांबली. सुधीरच्या आईनं दार उघडलं. "या. आज कोणाकोणाचं आलंय?"

गद्रे रोज तिथे जात होते. गटातली सांत्वनाची पत्रं छापून, नको ते छाटून, त्या बाईंना वाचून दाखवत होते. गटातले आम्ही पद्माकरला काढायचं की ठेवायचं यावर भांडत होतो. दहा मिनिटांवर बसलेल्या या बाईंकडे जायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

पुण्याचं, नाशिकचं वाचून झालं. गद्रे अडखळले. "वहिनी, एक जरा अवघड आहे. पद्माकर म्हात्रे म्हणून आहे. त्यानं लोणच्याचं पत्र समजून भलतंच लिहिलं. आता त्याचं हे आलंय." आणि त्यांनी वाचलं : "काका, माजी चुकी झाली. मी वाचलाच नाय. सर गेले आनि मी बेस म्हटला. मला गटातून काडा."

बाईंनी चष्मा काढला. "पदू? मोऱ्याचा?"

"हो."

"हे त्याला गणित शिकवायचे, इथेच, या सतरंजीवर. समजलं का रे, विचारलं की 'बेस हाय सर'. आणि सगळी गणितं चूक!" त्या हसायला लागल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला, पुन्हा हसल्या. "हे चिडायचे, आणि मग त्यालाच जेवायला बसवायचे. त्याला काढू नका हो भावोजी. सुधीरला मी आज फोनवर सांगते. तोही हसेल."

गद्रे बराच वेळ कागद सारखे करत राहिले. निघताना बाई म्हणाल्या, "उद्या या. उद्याही येतील ना पत्रं?"

"येतील की," गद्रे म्हणाले.

रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, "पद्माकरचा प्रश्न सुटला."

"सुटला." ते रिक्षा शोधायचं सोडून माझ्याकडे वळले. "देवधर, पत्रं संपली. आज होती ती शेवटची. घरी जाऊन मीही रिकाम्या भिंतींशीच बोलतो, मला ठाऊक आहे ते कसं असतं. तुम्ही लिहाल?"

"मी? मी तर सरांना ओळखतही नव्हतो."

"मग वहिनींना विचारा, सर कसे होते. त्या सांगतील, मी लिहून घेईन, तुम्ही पुढचं विचारा." त्यांनी घड्याळ पाहिलं. "मी पाचला निघतो. त्याच्या आत पाठवा."