आबांची गाडी आणि पेठची बस

आबा गायधनींच्या गाडीत बसायचं तर आधी मान द्यावी लागते. म्हणजे खरोखरची मान. तुम्ही सीटवर टेकलात की आबा तुमच्या बाजूचं दार उघडतात, डोक्यामागची उशी वर-खाली सरकवतात, ती कानांच्या रेषेत आली की खटका बसवतात, मग चार पावलं मागं सरकून फोटोग्राफरसारखं एक डोळा मिटून बघतात आणि तेव्हाच दार लावतात. तुम्ही कोण, किती घाईत आहात, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. एकदा आमच्या भागातले एक वजनदार पुढारी लिफ्ट मागायला आले. उशीचा कार्यक्रम सुरू झाल्यावर ते म्हणाले, "राहू द्या हो आबा, एवढंच तर जायचंय."

आबा म्हणाले, "आधी मान, मग मानपान."

पुढं त्यांनी पुढाऱ्यांना समजावलं की मागून कुणी ठोकलं तर मान चाबकासारखी उडते आणि "कंपनीनं ही उशी दिली ती झोपायला नाय." पुढारी उतरेपर्यंत ताठ बसून होते.

आबा मूळचे निफाडकडचे, द्राक्षबागाईतदार. बाग धाकट्या भावाच्या हवाली करून, मुलीचं लग्न उरकून, ते आणि कमलकाकू इंदिरानगरला आमच्या सोसायटीत राहायला आले. आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे नवी कोरी गाडी घेतली आणि दुसरी गोष्ट केली ती म्हणजे गाडीसोबत आलेलं जाडजूड माहितीपुस्तक वाचलं. आपण ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकसकट ठेवून देतो. आबांनी पोथी लावल्यासारखं लावलं. डॅशबोर्डवरचा कुठला दिवा लाल लागला तर जागेवर थांबायचं, कुठला पिवळा लागला तर गॅरेजपर्यंत जायला हरकत नाही, हे त्यांना तोंडपाठ आहे. गाडीतून जो बायकी आवाज सूचना देतो, त्याला ते अदबीनं 'बाई' म्हणतात. "बाई काय म्हणत्यात ते आधी ऐका, मग तुमचं बोला."

गाडी रस्त्यावरच्या पट्ट्यांच्या मधून चालावी म्हणून त्या गाडीत एक सोय आहे. पट्टा ओलांडला की स्टेअरिंग स्वतःहून हलकेच मागं ओढतं. आबांनी ती सोय नाशिकच्या रस्त्यांवर महिनाभर श्रद्धेनं वापरली. मग शहरापुरती बंद केली. म्हणाले, "बाई पट्टा हुडकू हुडकू दमायला लागल्या. रस्त्यावर पट्टाच नाय तर त्यांनी काय करावं? हायवेला लावतो, तिथं त्यांना जरा बरं वाटतं."

त्यांची भक्ती स्वतःच्या गाडीपुरती राहिली असती तर सोसायटीत शांतता नांदली असती. पण आबांकडं चाकांतली हवा मोजायचं एक छोटं मीटर आहे, आणि हवा चाक गार असताना, म्हणजे सकाळी गाडी हलायच्या आधी मोजायची असते. त्यामुळं एका सकाळी तळमजल्यावरचे जोशी सर दूध आणायला निघाले, तेव्हा त्यांच्या गाडीच्या चाकाशी मफलर गुंडाळलेला एक इसम उकिडवा बसलेला त्यांना दिसला. सरांनी "चोर, चोर" करून अख्खी इमारत गोळा केली.

"चोर नाय, मी हे," आबा न उठताच म्हणाले. "तुमच्या मागच्या डाव्या चाकात हवा लय कमी हे. खिळा दिसतोय."

खिळा होता. सरांनी आभार मानले आणि दिवाळीपर्यंत आबांशी बोलले नाहीत.

आबांच्या पुतणीच्या लग्नाला मी निफाडला गेलो होतो. पाठवणीची वेळ. नवरी हमसून रडतेय, आई रडतेय, बँडवाल्यानं रडकी धून धरलीय आणि नवरा-नवरीसाठी आबांची गाडी फुलांनी मढवून उभी. आबा आले आणि त्यांनी पुढच्या काचेवरचे झेंडूचे हार ओरबाडायला सुरुवात केली.

"अहो आबा, हे काय?" व्याही धावले.

"काय म्हंजे? इथं कॅमेरा हे! पुढं माणूस आला, जनावर आलं तर गाडी आपसूक ब्रेक मारती, ती या डोळ्यावर. गाडीच्या डोळ्यावर मुंडावळ्या बांधल्यात तुम्ही!"

मग शालू, शेला आणि हार यांच्या खालून नवरीचा बेल्ट लागेपर्यंत बँडवाल्यानं ती धून पुन्हा पहिल्यापासून वाजवली. एवढ्यात नवऱ्याची मावशी नातवाला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली. आबांनी इंजिन बंद केलं.

"मावशी, लेकरू मागं. लहान लेकरांची सीट हे माझ्या डिकीत."

"मी धरते की घट्ट."

"ब्रेक लागला की तुमच्या हातात काय ऱ्हात नाय. मांडीवरचं लेकरू म्हंजे तुमची एअरबॅग का?"

मावशी रुसून वऱ्हाडाच्या बसमध्ये जाऊन बसल्या. लेकरू मात्र मागं त्याच्या सीटमध्ये राजासारखं बसून गेलं.

असा हा माणूस. त्याच्या गाडीत एकदा बसलेलं कुणी सहसा दुसऱ्यांदा बसायचं नाही. आणि काकू तर एकदाही बसलेल्या आम्ही पाहिल्या नव्हत्या. भाजीला रिक्षा, माहेरी जायला एसटी. आमचा सगळ्यांचा अंदाज असा, की एवढी वर्षं संसार केल्यावर त्या बाईला निदान प्रवासात तरी शांतता हवी असेल.

श्रावणात मला पेठला एका मित्राकडं जायचं होतं. आबाही त्याच दिवशी पेठला निघाल्याचं कळलं, म्हणून मी विचारलं. ते क्षणभर घुटमळले. मग म्हणाले, "चला. पण वाटेत घाई करायची नाय."

मान झाली, बेल्ट झाला. निघालो ते बसस्थानकाबाहेर येऊन थांबलो. आबा नुसते आत बघत बसले. जरा वेळानं पेठची लाल बस बाहेर पडली, तशी त्यांनी गाडी तिच्या मागं घातली. मखमलाबाद मागं पडलं, रस्ता मोकळा झाला, तरी आम्ही बसच्या मागंच. बस थांब्यावर थांबली की आम्ही थांबायचो, माणसं चढली-उतरली की पुन्हा निघायचो. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून पुढं जात होत्या.

"आबा, जा की पुढं. रस्ता मोकळाय."

"नको."

"अहो, पण तिचा धूर किती खायचा?"

आबांनी काचा बंद असल्याची खात्री केली. मग समोरच बघत म्हणाले, "त्या बसमध्ये कमल हे."

काकूंची थोरली बहीण, आक्का, पेठला असते हे मला ठाऊक होतं. पण नवरा रिकामी गाडी घेऊन बायकोच्या बसमागं चाललाय, हे काही डोक्यात शिरेना.

आबांनीच सांगितलं. पूर्वी त्यांच्याकडं जीप होती. निफाडहून एका लग्नाचं जेवून दोघं परत येत होते. तिन्हीसांजेची वेळ. रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. "मला दिसलीच नाय. दिसली तवा उशीर झाला. पुढची काच कमलच्या कपाळानं फुटली." त्यांनी स्वतःचा बेल्ट एकदा चाचपला. "जीपला बेल्ट होता बरं का. मीच सीटमागं खोचून ठेवला होता. टोचतो म्हणून."

काकू वाचल्या. पण त्यानंतर लहान गाडीत बसायची वेळ आली की त्यांचे हातपाय गार पडायचे. आबांना त्या एकदाच म्हणाल्या होत्या, "तुमच्यावर राग नाय माझा. अंगच तयार होत नाय." त्यावर आबांनी पुन्हा कधी आग्रह केला नाही. सगळ्यांत सुरक्षित म्हणून सांगतात ती गाडी घेतली, ती कशी चालवायची, कशी जपायची ते शिकून घेतलं, आणि काकू एसटीनं निघाल्या की हे मागं.

"त्यांना माहीत आहे?"

"मागच्या काचेतून दिसतो की मी. एकदा तिनं हात केला होता."

सावळघाट लागला आणि धुकं उतरलं. आबांनी दिव्यांचा झोत खाली घेतला, धुक्याचा दिवा लावला, अंतर वाढवलं. एका वळणापुढं बस खडखडून थांबली आणि सुरूच होईना. आबांनी गाडी पुरती कडेला घेतली, चारी इंडिकेटर लावले, डिकीतून लाल त्रिकोण काढला आणि वळणाच्या अलीकडं बराच मागं जाऊन रस्त्यावर उभा केला, येणाऱ्याला वेळेत दिसेल असा. तेवढ्यात मी पुढं बघितलं, तर माणसं बसमधून उतरत होती आणि त्यांत काकू होत्या. कपाळावरचा आडवा व्रण मी इतकी वर्षं बघत होतो आणि कधी विचारलं नव्हतं.

त्यांच्याशेजारी डोंगराकडची एक तरुण बाई उभी होती. कडेवरचं मूल तापानं फणफणलेलं, मान टाकून पडलेलं. पेठच्या दवाखान्यात निघाली होती. कंडक्टर म्हणाला, दुसरी गाडी यायला वेळ लागेल.

"आम्ही नेतो. सीट हे लेकरासाठी," आबा म्हणाले.

बाईनं आबांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पोराला घट्ट धरलं. "दोन बाप्ये. मी नाय बसायची एकली." मग तिनं काकूंचा पदर धरला. "आई, तुम्ही येता का संगं?"

आबा एकदम म्हणाले, "तिला नका हो आग्रह करू. दुसरं बघू काहीतरी." आबांचा असा विनवणीचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

काकूंनी पोराच्या कपाळाला हात लावला. मग गाडीकडं बघितलं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "चला," त्या म्हणाल्या.

आबांनी मधोमध लेकराची सीट बसवली, हलवून बघितली, लेकराला पट्ट्यांत बांधलं. आई एका बाजूला. दुसऱ्या बाजूला काकू बसल्या, तेव्हा त्यांना बेल्टचा खटका सापडेना. आबांनी वाकून तो लावला. पट्टा दोनदा ओढून बघितला आणि दार लावलं. कुठलीही सूचना न देता सुरू झालेला त्यांचा तो पहिलाच प्रवास असावा.

काकूंनी डोळे मिटून माझ्या सीटची पाठ धरली होती. त्यांची बोटं मला पाठीत जाणवत होती. वळण आलं की त्या विचारायच्या, "दिसतंय ना?"

"दिसतंय," आबा म्हणायचे.

पुढचं वळण. "दिसतंय ना?"

"दिसतंय कमल. सगळं दिसतंय."

घाट संपेपर्यंत गाडीत एवढंच बोलणं झालं. करंजाळीपाशी धुकं विरळ झालं आणि माझ्या पाठीतली बोटं सैल पडली. मी वळून बघितलं, तर काकूंचे डोळे उघडे होते आणि त्या लेकराच्या तोंडावरून ओला रुमाल फिरवत होत्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोराला ठेवून घेतलं. वेळेत आणलंत, म्हणाले, काळजीचं काही नाही. जरा वेळानं पोर रडायला लागलं, तेव्हा त्याच्या आईच्या जिवात जीव आला. तिनं काकूंच्या पाया पडायचा प्रयत्न केला, काकूंनी तिला मधेच उठवलं.

बाहेर आल्यावर मी निरोप घेतला. मित्राचं घर जवळच होतं. काकू गाडीशी उभ्या होत्या. आबा दुसरीकडं बघत म्हणाले, "आक्काचं घर काय लांब नाय. चालत जाऊ. गाडी राहू दे हितं."

काकूंनी पुढचं दार स्वतःच उघडलं, आबांच्या शेजारच्या सीटवर बसल्या आणि बेल्ट ओढून लावला.

मी थोडा पुढं गेलो, पण गाडी सुरू झाल्याचा आवाज येईना. काही बिघडलं की काय, म्हणून परत फिरलो. आबा स्टेअरिंगवर कपाळ टेकवून लहान पोरासारखे रडत होते. काकू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

"चला आता," त्या म्हणत होत्या, "आक्कानं भात टाकला असेल."