नानांचा दुसरा बाण

"मी मरणाला भीत नाही," असं नाना वॉर्डभर सांगत सुटले होते. "फक्त त्यानं सुई घेऊन येऊ नये!" आणि नर्स सुई घेऊन आली तेव्हा त्यांनी बायकोचा हात असा आवळला, की औषध तिलाच लावावं लागलं. (हसू नका, तुम्हीही आवळला असता.)

आज त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. झिजलेला सांधा काढून नवा बसवायचा. सकाळी हाडांच्या डॉक्टरांनी काळ्या मार्करनं उजव्या मांडीवर गुडघ्याकडे तोंड केलेला झकास बाण काढला.

"भलत्या गुडघ्याला हात लागू नये म्हणून," असं म्हणाले आणि मार्कर कॉटवरच विसरून गेले.

भलत्या? म्हणजे असंही होऊ शकतं? नाना घाबरले. आणि भीती वाटली की नानांना खोडी सुचायची, हा जन्मजात आजार. त्यांनी मार्कर उचलला आणि डाव्या मांडीवरही तस्साच बाण काढला. बघू या डॉक्टरचं लक्ष कुठंय! चक्रावला की हसायचं आणि पुसून टाकायचं.

पण बाण पुसला जाईना. थुंकी लावली, पांघरूण घासलं, टूथपेस्ट चोळली. मांडी लालबुंद झाली, त्यावर बाण आणखीच खुलून दिसायला लागला. तेवढ्यात वॉर्डमामा स्ट्रेचर घेऊन हजर.

"मामा, थांबा! डावा बाण खोटा आहे. गंमत केली मी."

"हो हो. सुई टोचली की सगळे असंच बरळतात. पाय वर घ्या."

ऑपरेशनच्या खोलीच्या दारात डॉक्टरांनी चादर उचलली आणि जागीच थबकले.

"मी एकच काढला होता."

"दुसरा माझा," नाना पुटपुटले. "उजवाच कापा हो डॉक्टर, पाया पडतो!" (कुठल्या गुडघ्यावर वाकून पडणार होते, देव जाणे.)

"एक्सरे उजवाच म्हणतोय. पण कागद, खूण आणि पेशंट, तिघांचं जुळल्याशिवाय मी सुरी उचलत नाही. आणि तुमच्यावर आता भरवसा कसा ठेवू? घरच्यांना बोलवा. नाहीतर पुढची तारीख तीन महिन्यांनी."

तीन महिने! इथं संडासापर्यंत जायला अर्धा तास लागत होता. आता सगळी मदार बायकोवर. आणि चाळीस वर्षं तिच्यासमोर लंगडून त्यांनी कामं चुकवली होती. घाईत कधी हा पाय, कधी तो.

ती आली. दोन्ही बाण तिनं शांतपणे पाहिले.

"काकू, दुखणारा गुडघा कुठला?"

"अगं, सांग ना उजवा!" नाना रडकुंडीला आले.

"दळण म्हटलं की यांचा उजवा दुखतो, बाजार म्हटलं की डावा. पत्ते कुटायला निघाले की एकही नाही. पण झोपेत कण्हतात ते उजवा धरून, आणि झोपेतच काय ते खरं बोलतात. तेव्हा उजवाच करा, डॉक्टर. पण खरी झीज मानेच्या वर आहे. तो मार्कर द्या इकडे, तिसरा बाण मी काढते."