अकरा घरांचा बर्फ

अप्पा कधी कुणाला नमस्कार करत नसत. समोरच्याकडे डोळे बारीक करून पाहत आणि एक आकडा सांगत.

"बाई, आज तुमी अकराशे ऐंशीला आलाव."

हा आकडा चांगला की वाईट, हे कळायला मला नोकरीचा पहिला महिना लागला. बॅटरी पूर्ण भरलेली असली की तिच्यातलं ॲसिड दाट असतं, तेव्हा तिची ग्रॅव्हिटी, म्हणजे त्या ॲसिडचा दाटपणा, बाराशे ऐंशी. काम करून थकली की ॲसिड पातळ होतं. अकराशे पन्नास म्हणजे संपली. काचेच्या पिचकारीने थोडं ॲसिड वर ओढायचं आणि आतली तरंगती नळी वाचायची. अप्पा रोज सकाळी बॅटरीच्या चोवीस सेलची ग्रॅव्हिटी अशी घेत आणि मग आम्हा सगळ्यांची, पिचकारीशिवाय. तुम्ही फोनवर "आजी, कशी आहेस?" विचारता तेव्हा माझ्या जिभेवर आधी आकडाच येतो, तो या माणसामुळे.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या, जीपगाड्या आल्या, साहेब आले. नळाला मात्र या बढतीची खबर नव्हती. पाऊस दोन वर्षं रुसलेला. मी पहाटे उठून टँकरपाशी घागरी रांगेत ठेवायची, मग तेलाच्या कारखान्यात जाऊन स्टोअर्सच्या नोंदवह्या लिहायची. तुमचे आजोबा नांदेडला बदलीवर होते, शनिवारी रात्री येत आणि सोमवारी पहाटे जात. त्या वर्षी आम्ही कुणी बाराशेच्या वर गेलोच नसू.

कारखान्यात एकच फोर्कलिफ्ट होती. खाण्याच्या तेलाच्या गोदामात डिझेलचा धूर नको, म्हणून बॅटरीवर चालणारी. अप्पांचं पूर्ण नाव मल्लप्पा. मूळचे निलंग्याकडचे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खाकी शर्टाला ॲसिडची बारीक भोकं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी मुदखेडला दिलेली. फोर्कलिफ्ट चालवायचे रहीमभाई, पण तिचं खाणंपिणं अप्पांच्या हाती. बॅटरीला ते "बया" म्हणत.

बयेचे नियम कडक होते. आठ तास चार्जिंग, मग आठ तास विश्रांती. पाणी चार्जिंग झाल्यावर घालायचं. आधी घातलं तर ॲसिड उतू जातं. पाणी घालताना ते प्रत्येक सेलपाशी कानडीत पुटपुटत, "साकु, साकु." म्हणजे पुरे. चहाचा दुसरा कप पुढे केला तरी कपावर हात ठेवून तेच, "साकु."

मॅनेजरसाहेबांना वाटे, जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास चार्जर लावला तर काय बिघडलं?

"साहेब, दारात उभं राहून दोन घास खाल्ले तर त्याला जेवण म्हंताव का?" अप्पा विचारत. "मधी मधी चरणारं जनावर लवकर म्हातारं व्हतं."

साहेबांच्या टेबलावर शेवचिवड्याची बशी दिवसभर असे. त्यांनी ती फायलींच्या आड सरकवली.

रहीमभाईंचं वेगळंच. बॅटरीत पाचवा हिस्सा उरला की अप्पा गाडीपुढे आडवे उभे राहत.

"अरे अप्पा, अबी तो चल रई ना!"

"चालती म्हणून चालवायची? तुज्या अंगात जीव हाय तवर तुला पळवू का?"

"मेरेकू तो पळवतेच ना कंपनीवाले," रहीमभाई उतरताना म्हणत. अप्पा तोवर चार्जरची वायर जोडायला लागलेले असत.

पण त्या उन्हाळ्यात खरं संकट आलं ते पाण्याचं. बॅटरीला लागतं डिस्टिल्ड वॉटर, आणि ते नांदेडहून यायचं. तिथल्या माणसाची विहीर आटली, त्याने भट्टी बंद केली. माझ्या नोंदवहीत शिल्लक दोन कॅन, मग एक, मग शून्य. कॅन गावोगाव कुठेच मिळेनात. जिथे प्यायलाच पाणी नव्हतं तिथे ते उकळून थेंब थेंब कोण गोळा करणार?

"बोअरचं घाला," मॅनेजर म्हणाले. "पाणी ते पाणी."

"बोअरच्या पाण्यात क्षार हायेत, साहेब. तुमी पिताव तर तुमाला मुतखडा झाला. तिच्या प्लेटींचं काय व्हईल?"

साहेबांचा मुतखडा कारखानाभर ठाऊक होता. त्यांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "दिवाळीनंतर पुण्याहून इंजिनिअर येणार आहे. बॅटरी तपासेल. नापास झाली तर नवी येणार नाही. फोर्कलिफ्ट पुण्याच्या गोदामात जाईल आणि तुम्ही घरी जाल."

घरी म्हणजे कुठे, हा प्रश्न अप्पांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसला. त्यांच्या एका खोलीत एक खाट आणि एक स्टोव्ह होता.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. "बाई, तुमच्या फ्रिजात वरच्या खणाला बर्फ धरतो का?"

"धरतो की. दर रविवारी मी तो काढून टाकते." मला फ्रिज स्वच्छ लागतो. तो बर्फ म्हणजे माझ्या शिस्तीला रोजचं आव्हान होतं.

"टाकू नका. त्यो हवेतला ओलावा हाय. त्यात ना मीठ ना चुना."

रविवारी ते हजर. हातात झाकणाची काचेची बरणी आणि लाकडी उलथणं. सुरी का नको, ते त्यांनी आधीच सांगितलं. "सुरीनं फ्रिजाला भोक पडतं आन् पाण्यात लोखंड जातं." बर्फ खरवडून बरणीत भरला, वितळेपर्यंत बसले, पातळ फडक्यातून गाळला. जेमतेम अर्धी बरणी. बयेला आठवड्याला याच्या दसपट हवं होतं.

मग नव्या जिल्ह्याचा उपयोग झाला. साहेब आले तसे त्यांचे फ्रिजही आले होते. अप्पा साहेबांच्या वसाहतीत गेले. एका बाईंनी दार उघडलं. "बर्फ पायजे," अप्पा म्हणाले. "खायला न्हाई. बॅटरीला." दार बंद झालं.

तेव्हा मी त्यांना एक पत्र टाइप करून दिलं, अस्सल इंग्रजीत, खाली कारखान्याचा शिक्का. सदर इसमास आपल्या शीतपेटीतील अनावश्यक हिम देण्याची कृपा करावी, असा त्याचा मथितार्थ. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेलं सगळं व्याकरण मी त्यात ओतलं होतं. अप्पांनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि दारोदार दाखवलं. शिक्का पाहून साहेबांच्या बायका बाजूला होत. महिन्याभरात अकरा घरं झाली. दार लावून घेणाऱ्या त्या बाईसुद्धा, त्यांचं नाव सुमनताई.

एका घरचा बर्फ मात्र त्यांनी परत केला, कारण तिथे वरच्या खणात मटण ठेवलेलं होतं. रहीमभाईंना ही गोष्ट फार आवडली. "क्या अप्पा, बॅटरी बी लिंगायत है क्या?"

"वासाचं न्हाई रे. मांसाला मीठ लावलं व्हतं. मीठ म्हंजे तिला वीख."

रविवारभर अप्पा बरणी घेऊन उन्हात फिरत. प्रत्येक घरी बर्फ वितळेपर्यंत बसावं लागे. तेवढ्यात घरच्यांची ग्रॅव्हिटी निघे. "तिसऱ्या घरच्या ताई अकराशे नव्वद," ते मला सोमवारी सांगत. "सासू आल्याली हाय."

दिवाळीनंतर इंजिनिअर आला. तरुण, कडक इस्त्रीचा. त्याने बॅटरीला पाच तास भार लावला आणि घड्याळ मांडलं. अप्पा पाचही तास उभे होते. मॅनेजर दोनदा येऊन गेले. मी स्टोअर्समधून उगाच चार वेळा गेले. शेवटी इंजिनिअरने कागदावर आकडे मांडले, पुन्हा मांडले आणि विचारलं, "एवढ्या जुन्या बॅटरीची ही हालत? पाणी कुठलं घालता?"

"अकरा साहेबांचं," अप्पा म्हणाले.

बॅटरी पास झाली. फोर्कलिफ्ट राहिली, अप्पा राहिले.

पुढच्या वर्षी नांदेडची भट्टी सुरू झाली. सीलबंद आठ कॅन आले, मी सही करून घेतले. त्या रविवारी दारात अप्पा, हातात बरणी आणि उलथणं.

"अप्पा, कॅन आले की आता."

"कॅनचा काय भरवसा, बाई."

मी फ्रिज उघडून दिला. पुढच्या रविवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही. नोंदवही माझ्याकडेच होती. कॅनचं पाणी बयेला जितकं लागायचं तितकंच, थेंब न चुकता, खर्ची पडत होतं. मग हा बर्फ जातो कुठे? एके रविवारी मी खिडकीतून पाहिलं. अप्पांनी फाटकापाशी बरणी उघडली, पाणी कण्हेरीच्या बुंध्याशी ओतलं, बरणी शर्टाला पुसली आणि पुढच्या घराकडे निघाले.

मी कुणाला बोलले नाही. पण काही दिवसांनी बाजारात सुमनताई भेटल्या. इकडचं तिकडचं झालं आणि त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही फ्रिज कधी साफ करता हो? मी तर आता रविवारपर्यंत हातच लावत नाही. म्हातारा येतो, खरवडायला काही नको का?"

मीही लावत नव्हते. माझ्यासारखी बाई, फ्रिजमध्ये चार बोटं बर्फ जमलेला, आणि शनिवारी घरी आलेले तुमचे आजोबा त्याकडे पाहून थक्क झालेले.

त्या रविवारी बर्फ बरणीत वितळत होता. अप्पा पाटावर बसले होते. "बाई, आज बाराशे चाळीस. बरं हाय."

"आणि तुमची किती, अप्पा?"

ते हसले. "आपली आपल्याला घेता येत न्हाई, बाई. नळी दुसऱ्यानंच घालावी लागती."

बर्फ वितळून पाणी झालं होतं. ते गुडघ्यावर हात टेकून उठू लागले. मी डोळे बारीक करून त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"अकराशे पन्नास," मी म्हणाले. "इतक्यात उठायचं नाही."

ते खाली बसले. मी त्यांच्या कपात पुन्हा चहा ओतू लागले. कप काठोकाठ आला तरी त्यांनी त्यावर हात ठेवला नाही.