आप्पासाहेबांच्या मोटारीचा रंग

लातुरात गंज काढावा तर करीम मिस्त्रीनेच! असं दुसरं कुणी म्हणायच्या आत करीम स्वतःच म्हणायचा. त्या साली पावसानं दडी मारली होती, पण लातूरचा नवा जिल्हा होणार म्हणून गाव नवरदेवासारखं फुगलं होतं. त्या आनंदाच्या मिरवणुकीत वाड्यावरच्या आप्पासाहेबांना आपली निजामाच्या काळातली मोटार काढायची होती.

"चार दिवसांत आरसा करतो! त्यात बघून दाढी करा!" करीम म्हणाला.

त्यानं बॉनेट, मडगार्ड, दारं सुटी केली. सोड्याच्या पाण्यानं जुना रंग सोलला, चिंचेच्या कोळानं गंज घासला. पत्रा चांदीसारखा लखलखला! मग तो ऐटीत रंग आणायला गेला.

"रंग? एक डबा न्हाई!" दुकानदार संगप्पा म्हणाला. "समद्या हापिसांच्या पाट्यांवर 'जिल्हा उस्मानाबाद' पुसून 'जिल्हा लातूर' लिहून राहिलेत. ब्रशबी संपले!"

करीम परतला, तर पत्रा तांबूस! बोअरच्या खारट पाण्यानं धुतला होता ना! पुन्हा घासला, पुन्हा धुतला. जेवून डुलकी काढली, उठून बघतो तर पत्र्याला गोवर उठलेला! तिसऱ्यांदा बादली उचलली, तशी त्याची बायको बिलकीस आडवी आली.

"अजी, गल्लीत प्यायला पानी न्हाई, अन् तुमी लोखंडाला आंघोळी घालून राहिले? ठेवा खाली!"

बादली गेली. शेवटी करीमनं घरातलं करडईचं तेल आणलं आणि तांबड्या पत्र्यावरच चोळलं. पत्रा चमकायला लागला, पण रंग मात्र भाजलेल्या विटेचा.

मिरवणुकीच्या सकाळी आप्पासाहेब मोटारीभोवती दोनदा फिरले.

"करीम, आरसा कुठाय?"

"मालक, आजकाल हीच फ्याशन हाय," करीम जमिनीकडे बघत म्हणाला.

तेवढ्यात बँड वाजला. आप्पासाहेब दात खात मोटारीत बसले. करीम देवाचं नाव घेत मागून चालू लागला. आज अब्रू गेली, उद्यापासून सायकलींचे पंक्चर काढायचे, हे त्यानं मनाशी ठरवूनही टाकलं.

चौकात बांधकाम खात्याच्या साहेबांनी मोटार थांबवली. बॉनेटवरून प्रेमानं हात फिरवला.

"वा आप्पासाहेब! काय रंग आहे! नव्या कचेरीच्या फाटकाला हाच हवा. कुणी दिला?"

आप्पासाहेब एकदम फुलले. "आमचा करीम! हाडाचा कारागीर!"

"कुठं मिळतो हो हा रंग?" साहेबांनी करीमला विचारलं.

"बाजारात न्हाई भेटत साहेब," करीम छाती काढून म्हणाला. "ह्याला सबुरी लागते!"

साहेबांनी खूश होऊन मान डोलावली, खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढला, हात पुसले, आणि रुमालाकडे बघतच राहिले.

करीम तोवर बँडवाल्यांच्या घोळक्यात शिरून झांजा वाजवत होता!