टेपमध्ये अडकलेले मारोतीभाऊ

मारोतीभाऊंच्या घरी पाहुणा आला की ते आधी पंखा बंद करतात आणि मग 'बसा' म्हणतात. आमच्याकडे मे महिन्यात माणसं ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळून हिंडतात, कुलरपुढून कुणी उठवलं तर भांडायला येतात. आणि हे गृहस्थ चालता पंखा बंद करून शांतपणे समोर बसतात. पहिल्या भेटीत मी घाम पुसत विचारलं, "भाऊ, लाईट गेली का?"

"नाई. पंख्याचा आवाज येते. बोला तुमी आता."

या माणसापर्यंत मी पोचले ती एका जुन्या टेपरेकॉर्डरमुळे. मी आरमोरीला शाळेत गणित शिकवते. संगीताशी माझा संबंध सकाळच्या प्रार्थनेपुरता. पण सासऱ्यांकडे भजनांच्या कॅसेट पडून होत्या आणि त्यांचा टेप कधीचा बिघडलेला. आठवडी बाजारात भंगारवाल्याच्या ताडपत्रीवर एक टेप दिसला, तो मी उचलून आणला. घरी येऊन पाहते तो आत कुणाची तरी कॅसेट अडकलेली. झाकण काही केल्या उघडेना.

सासरे म्हणाले, "जे हाय ते लाव."

लावलं. एक पुरुष लहान पोरीला निजवत होता. मोहफुलं वेचून झाली, पाखरं घरी गेली, तू नीज, मला अजून पुष्कळ गावं हिंडायची आहेत, असं काहीसं गाणं. आवाज बरा होता. पण दोन कडव्यांच्या मधे गिटार वाजली आणि कणीक मळता मळता माझे हात थांबले. दारात उभं राहून कुणी हळूच 'आत येऊ का?' विचारावं, तशी ती वाजत होती. गाणं संपल्यावर मी कणकेच्याच हातानं टेप मागे फिरवला. सासऱ्यांची भजनं त्या दिवशी राहिली ती राहिलीच.

हे वाजवलं कोणी, हा प्रश्न काही केल्या मला सोडेना. नवरा म्हणाला, "तुले काय करायचं हाय? पेपर तपासायचे पडून हायेत ना." पण उत्तर काढल्याशिवाय उदाहरण सोडून द्यायची सवय मला नाही.

शाळेतल्या एका सरांनी आवाज ओळखला. म्हणाले, हे तर वडशाचे भास्करराव. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटकं चालतात आणि त्या नाटक मंडळ्यांची कार्यालयं वडशाला आहेत. एका रविवारी मी तिथं जाऊन धडकले. भास्करराव भला माणूस. खुर्ची दिली, चहा मागवला.

"गाणं माझंच. लय चाललं तेव्हा."

"लिहिलं कोणी?"

"तेव्हा असं बसल्या बसल्याच होऊन जाये."

"आणि गिटार?"

"असंल कोणी तरी."

बाकावर एक म्हातारे ढोलकीवाले तंबाखू मळत बसले होते. ते मान वर न करता म्हणाले, "असंल कोणी काय? मारोती होता. गाणं बी त्यानंच बनवलं. गोंडपिपरीच्या पुढं त्याचं गाव हाय. जा मॅडम, पण उन्हाळ्यात नका जाऊ."

का नको, ते त्यांनी सांगितलं नाही. मला सुट्टी उन्हाळ्यातच. मी निघाले. गडचिरोली, चामोर्शी, आष्टी अशा गाड्या बदलत, तापलेल्या खिडकीला कोपर लागू न देता दुपारी त्या गावात उतरले. पानठेल्यावर मारोतीभाऊंचं घर विचारलं, तर तिथला माणूस म्हणाला, "कोण, 'पुन्हा घ्या' का?"

'पुन्हा घ्या' हे त्यांचं गावातलं नाव. कुणी बोलताना अडखळला, चुकला, घाई केली, की मारोतीभाऊ शांतपणे म्हणतात, "पुन्हा घ्या." झेंडावंदनाला सरपंच भाषणात अडकले, तर मागून आवाज आला, "पुन्हा घ्या, 'बंधू-भगिनी'पासून." सरपंचांनी घेतलं. एका लग्नात महाराजांची मंगलाष्टकं सुरातून घसरली. भाऊंनी अक्षता मुठीत धरूनच सांगितलं, "पुन्हा घ्या." महाराज इतके गोंधळले की त्यांनी खरंच पहिल्यापासून सुरुवात केली. मुहूर्त टळला. नवरदेवाचा मामा अजून भाऊंशी बोलत नाही.

घर लहान, मातीनं सारवलेलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. स्वतःचं स्वतः रांधून खातात, थोडी धानाची शेती आहे. कुंपणावरचा दोडक्याचा वेल गिटारीच्या तुटक्या तारांवर चढवलेला. ते पाहिलं आणि माझी खात्री पटली. पण मी विषय काढताच त्यांनी हात झटकले.

"माह्यं नाई ते. दुसरा कोणी असंल मारोती. इथी घरोघरी मारोती हाय."

मी मोबाईलवर भरून आणलेलं गाणं लावलं. ते भिंतीकडे तोंड करून बसले. पहिलं कडवं झालं, गिटार वाजली. पाठमोऱ्या मारोतीभाऊंची मान हलली.

"दुसरी तार उतरली होती," ते म्हणाले. "मी म्हटलं त्यायले, पुन्हा घ्या. नाई घेतलं. गाणाऱ्याचं चुकलं तर घेत, वाजवणाऱ्याचं कोण घेते?"

मग ते थोडं थोडं बोलायला लागले. चंद्रपूरला एका टिनाच्या खोलीत कॅसेटी भरत. एकाच माईकपुढं सगळे. पंखा लावला तर त्याचा आवाज भरला जाई, म्हणून तो बंद. गिटारीचा आवाज वर येई, म्हणून यांना कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसवत. गाणी कमी पडली की हे तिथंच बसून एखादं रचून देत. कॅसेटवर फोटो गाणाऱ्याचा, नावही त्याचंच.

"राग नाही आला?"

"कायले? कामच तसं होतं."

"मग हे गाणं तुमचं आहे, हे सांगायला काय हरकत आहे?"

त्यांनी नख कुरतडलं. मग म्हणाले, "शारदा लहान होती. नाटकाच्या सिझनमध्ये मी घरी नसो. म्हटलं, आपुन नाई तर गाणं तरी घरी जाईन. ती रोज लावो आन् झोपो, तिची माय सांगे. कॅसेटवरच्या फोटोले पापा देये म्हने. तिले गाणारा आवडला. मंग मी कायले मधात येऊ?"

"तिला अजून माहीत नाही?"

"तिकडं सिरोंच्याले दिली तिले. सणावाराले फोन करते. खुशाली इचारते, मी सांगतो."

आता मात्र मी तिथून हलणार नव्हते. म्हटलं, "भाऊ, हे गाणं तुमच्या आवाजात भरायचं. आत्ता."

"माहा आवाज फाटका हाय."

"असू दे. मी आरमोरीहून तेवढ्यासाठी आले आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ही बाई गेल्याशिवाय पंखा लागणार नाही आणि ही जाणार नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. धानाच्या पोत्यामागून त्यांनी गिटार काढली. कोंबड्या हाकलल्या. शेजारची चक्की बंद व्हायची वाट पाहिली. घड्याळाचा सेल काढून ठेवला. मला श्वास हळू घ्यायला सांगितला. मग भिंतीकडे तोंड केलं आणि गायले. खोकला आला, थांबले, पुन्हा गायले. तार उतरली, चढवली, पुन्हा गायले. मी घामानं निथळत मोबाईल धरून बसले होते. शेवटी एकदा ते स्वतःहूनच म्हणाले, "हे राहू द्या."

शारदाचा नंबर त्यांनी पाठ म्हणून दाखवला. "पाठवा. पण कोणाचं हाय ते सांगू नका."

'मी आरमोरीची शिक्षिका, हे ऐका' एवढंच लिहून पाठवलं. भाऊ चहा ठेवायला आत गेले. चहा उकळायच्या आत माझा फोन वाजला.

"मॅडम, तुमी बाबाजवळ हाय का?" शारदाच होती. "बाबा गाते हे मले माहीतच नव्हतं. आन् मधातलं ते वाजवणं... ते कॅसेटमधलंच हाय ना? ते बाबाच वाजवत होते का?"

मी हो म्हटलं.

"मले त्या गाण्याचे शब्द कधी आलेच नाई, मॅडम. मी तेवढं मधातलंच ऐकाले कॅसेट लावो. माह्या पोरीलेबी मी तेच गुणगुणून झोपवते."

फोन चालू ठेवूनच मी आत जाऊन भाऊंना सगळं सांगितलं. ते हातात गाळणी घेऊन उभे राहिले. चहा उतू गेला, स्टोव्ह फसफसला, त्यांचं लक्ष नव्हतं.

"मधातलं म्हंजे कोणतं?" त्यांनी हळूच विचारलं. "पहिल्या कडव्यानंतरचं का दुसऱ्या?"

"तुम्हीच विचारा," म्हणून मी फोन त्यांच्यापुढे केला.

त्यांनी हात धोतराला पुसले आणि फोन दोन्ही हातांनी धरून कानाला लावला. पलीकडे शारदा ते मधातलंच गुणगुणत होती.