चुकचुक सर्वांसाठी खुली

“ज्याच्या मनात पाप, तोच आपली मूळ माहिती लपवतो!” पालसरांनी संस्थेच्या बैठकीत मूठ आपटून सांगितलं. मूठ नेमकी बशीवर आपटली, चहा विभागप्रमुखांच्या कागदांवर सांडला, पण सरांचा उत्साह काही सांडला नाही. “माझं सगळं जगाला खुलं! घ्या, ऐका, तपासा! माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?”

पालसर हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. हयातभर घरातल्या पालींचा अभ्यास केला, म्हणून लोकांनी ठेवलेलं. घरी ते एकटेच, त्यामुळे स्वयंपाकघर हीच प्रयोगशाळा. ओट्यावर ध्वनिमुद्रणाचं यंत्र, आणि ट्यूबलाइटच्या पट्टीमागे एक जाडजूड पाल. ती दिसायची क्वचितच, पण सर तिला आदराने ‘काकू’ म्हणत. संध्याकाळी यंत्र सुरू व्हायचं आणि संगणक त्यातली ‘चुक् चुक्’ तेवढी वेचून मोजायचा. वर्षभराच्या मोजणीतून सरांचा शोध निघाला: एकटी राहणारी पाल हिवाळ्यात जास्त बोलते! एका बड्या नियतकालिकाने लेख छापायचं कबूल केलं. अट एकच, मूळ ध्वनिमुद्रणं कोणालाही ऐकता येतील अशी संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवायची.

हे काम ग्रंथपाल बाईंकडे.

“सर, चढवण्याआधी एकदा ऐकून घ्या ना.”

“अहो बाई, पाली आहेत त्या! शिव्या थोड्याच देतात!”

“पण एकदा नोंदीला कायमचा क्रमांक पडला की मग बदल करायचा तर नवी आवृत्ती. जुनी तिथे राहतेच.”

“राहू दे की! चढवा!”

सुरुवातीला तिकडे कुत्रं फिरकलं नाही. ध्वनिमुद्रणं उतरवून घेणाऱ्यांचा आकडा एक होता, आणि तो एक म्हणजे सर स्वतःच. मग अचानक आकडा वर यायला लागला, उतू जाणाऱ्या दुधासारखा! सर छाती काढून चालू लागले. विज्ञानाची भूक म्हणतात ती ही!

उपाहारगृहातल्या आचाऱ्याने ताट देता देता सांगितलं, “सर, बटाटे करपले तर वरचे वरचे काढून घ्यायचे. टाकून नाही द्यायचे.”

माझे बटाटे करपले हे याला कसं कळलं?

जिन्यात रसायनशास्त्राचे प्राध्यापक भेटले. “काय, काकू बऱ्या आहेत ना? आणि तुमचा गुडघा?”

“कोणाच्या काकू?”

प्राध्यापक इतके हसले की त्यांना कठडा धरावा लागला. सरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एका पालीकडे दुर्लक्ष केलं!

तेवढ्यात ताईचा फोन आला. थोरली बहीण. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

“काय रे, माझ्याबद्दल त्या पालीला काय सांगितलंस?”

“कुठल्या पालीला?”

“‘ताईला फोन करावासा वाटतो हो काकू, पण ती कामात असते. उगाच आपण मध्ये कशाला!’ माझ्या मुलीने मोबाईलवर ऐकवलं मला, पाहुण्यांसमोर! मी मेले होते का रे?”

सरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आणि भांडी घासताना गातोस ते बंद कर. फार बेसूर आहे!” एवढं बोलून तिने नाक ओढलं आणि फोन ठेवून दिला.

सर धावत ग्रंथालयात गेले. कानाला हेडफोन लावले आणि स्वतःची ध्वनिमुद्रणं जन्मात पहिल्यांदा ऐकली. नळ. खुर्ची ओढल्याचा आवाज. मग एक ओळखीचा, जरा दमलेला आवाज: “काकू, आज बैठकीत मला कोणी काही विचारलंच नाही.” मग तो आवाज थांबायचा, समोरच्याला बोलायला वेळ द्यावा तसा. आणि मग “असो” म्हणून पुढे बोलायचा.

“बाई, हे काढा!”

“सर, त्याआधी हे पत्र बघा. आत्ताच आलंय.”

पत्र दूरदेशीच्या एका संशोधक बाईंचं होतं. फार नम्र होतं, म्हणूनच फार लागलं. आपण सगळं खुलं ठेवलंत, आभारी आहे, मात्र हिवाळ्यातले आवाज पालीचे वाटत नाहीत, माणसाच्या जिभेचे वाटतात, कृपया तपासावे.

सरांनी तपासलं. ताट निसटलं: च् च् च्! दिवा गेला: च् च्! मग काहीच घडलं नाही, नुसती शांतता, आणि तिच्यात: च्... च्...

“म्हणजे हिवाळाभर काकू तिथे नव्हत्याच?”

“तसंच दिसतंय सर.”

“मग मी एवढं सगळं...” सरांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

विभागप्रमुखांनी मात्र भर बैठकीत जाहीर केलं, “अहो, निष्कर्ष अगदी बरोबर आहे! फक्त प्राणी चुकला!” लोक पोट धरधरून हसले. सरांनी लेख स्वतःहून मागे घेतला आणि कारणाच्या जागी सरळ लिहिलं: मोजलेला प्राणी लेखकच निघाला.

चार दिवस धमाल चालली, मग सगळं थंड झालं. आचारी पुन्हा मुकाट्याने ताट पुढे सरकवू लागला. रसायनवाले जिन्यात नुसती मान हलवून जाऊ लागले. ताईने दोन रविवार न चुकता फोन केला. तिसऱ्या रविवारी तिच्याकडे कोणीतरी आलं होतं. उतरवून घेणाऱ्यांचा आकडा जागचा हलेना. सर रोज बघायचे.

मग एक दिवस ते ग्रंथपाल बाईंसमोर येऊन उभे राहिले. “नवी ध्वनिमुद्रणं चढवायची आहेत.”

“पाल मिळाली?”

“नाही. हे तुलनेसाठी. पाल नसलेलं स्वयंपाकघर. ते आधी मोजायला हवं ना!”

या वेळी बाईंनी आधी ऐकून घेतलं. “सर, यात तुम्ही सांगताय की नवी चप्पल चावते.”

“हं. शास्त्राच्या दृष्टीने ते बिनकामाचं आहे.”

“मग कापून टाकू?”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“असू दे,” ते म्हणाले. “कोणाला ऐकायचं असलं तर?”